२४ व्या वर्षी लायसन्स काढलं आणि रेसिंगचा ‘ट्रिपल क्राऊन’ जिंकला. ग्रॅहम हिलचा हा विक्रम आजवर कुणालाच का मोडता आला नाही?

मॅक्स व्हर्स्टापेन पहिल्यांदा फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. साध्या रस्त्यावर गाडी चालवायचं लायसन्स त्याला मिळालं ते १८ व्या वाढदिवशी. म्हणजे जगातल्या सगळ्यात वेगवान गाडीत बसायची परवानगी आधी आणि कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढायची परवानगी नंतर.

आजच्या रेसिंगमध्ये याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही. पोरगं सहा-सात वर्षांचं झालं की कार्टिंगच्या ट्रॅकवर जातं, घरचे पैसा ओततात आणि विशी गाठेपर्यंत ठरून जातं की हा पुढे जाणार की नाही.

आता याच्या बरोबर उलटा माणूस बघा.

हा माणूस २४ वर्षांचा होईपर्यंत कधी रेसिंगच्या गाडीत बसला नव्हता. त्याने साधं लायसन्सच १९५३ मध्ये काढलं. घरी पैसा नव्हता आणि खेळायचा तो खेळही वेगळाच, होड्या वल्हवण्याचा. मोटरसायकलच्या अपघातात मोडलेला डावा पाय थोडा आखूड राहिलेला.

हाच माणूस पुढे दोनदा फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला आणि रेसिंगच्या जगातला ‘ट्रिपल क्राऊन’ म्हणजे तिहेरी मुकुट त्याने मिळवला. त्याच्या आधी कुणाला तो जमला नव्हता आणि नंतरच्या पन्नासहून जास्त वर्षांत कुणाला जमलेला नाही.

त्याचं नाव ग्रॅहम हिल.

आधी समजून घेऊ, हा ट्रिपल क्राऊन आहे तरी काय?

ही काही कुठली संस्था देते अशी ट्रॉफी नाही. तीन देशांतल्या तीन सगळ्यात मानाच्या शर्यती एकाच ड्रायव्हरने आयुष्यात कधीतरी जिंकल्या की त्याला ट्रिपल क्राऊन म्हणतात. त्या तीन शर्यती म्हणजे मोनॅको ग्रांप्री, अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० आणि फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत.

तुम्ही म्हणाल, गाडी चालवता आली की झालं, त्यात तीन वेगवेगळं काय?

इथेच खरी गोम आहे.

मोनॅकोची शर्यत शहराच्या रस्त्यांवर होते. एका बाजूला इमारती, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळा रस्ता. हिलच्या ऐन उमेदीच्या काळात तिथे १०० फेऱ्या माराव्या लागायच्या. प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा गियर बदलायचा, आणि एकदा जरी अंदाज चुकला तरी गाडी थेट भिंतीत. १९६५ मध्ये तर पॉल हॉकिन्स नावाचा ड्रायव्हर गाडीसकट बंदरातल्या पाण्यात पडला होता. सुदैवाने पोहून बाहेर आला.

इंडियानापोलिसचं गणित वेगळं. अडीच मैलांचा लंबगोल ट्रॅक, २०० फेऱ्या, एकूण ५०० मैल म्हणजे साधारण ८०० किलोमीटर. वळायचं फक्त डावीकडे. ऐकायला सोपं वाटतं, पण ३३ गाड्या प्रचंड वेगात एकमेकींना खेटून पळत असतात. इथे धीर लागतो आणि पुढच्या गाडीचं काय होणार हे आधी ओळखण्याची नजर लागते.

आणि ल मान्स? तिथे गाडी २४ तास पळवायची. दिवसा, रात्री, पावसात, धुक्यात. ड्रायव्हर आळीपाळीने बदलतात, गाडी मात्र एकच. इथे सगळ्यात जोरात पळणाऱ्यापेक्षा गाडी सांभाळून शेवटपर्यंत नेणारा जिंकतो.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर एकाच खेळाडूने कसोटी, वनडे आणि टी-ट्वेंटी तिन्हीत वर्ल्डकप जिंकून द्यावा, आणि प्रत्येक वेळी बॅटसुद्धा वेगळ्या वजनाची असावी, असं काहीसं.

मोनॅकोऐवजी फॉर्म्युला वनचं विश्वविजेतेपद धरावं, असंही काही जण म्हणतात. हिलला त्याने फरक पडत नाही. त्याच्याकडे दोन्ही आहे.

एका पाउंडात चार फेऱ्या

ग्रॅहम हिलचा जन्म १५ फेब्रुवारी १९२९ चा, लंडनच्या हॅम्पस्टेडचा. शाळा संपल्यावर तो स्मिथ्स या कंपनीत उमेदवारीला लागला. ही कंपनी घड्याळं आणि गाड्यांचे मीटर वगैरे बनवायची. मधे सक्तीची लष्करी सेवा आली, ती त्याने नौदलात इंजिनरूममध्ये केली.

फावल्या वेळात तो लंडन रोईंग क्लबमध्ये होड्या वल्हवायचा. बेट नावाच्या, स्वतःही वल्हवणाऱ्या मुलीशी त्याची ओळख याच खेळातून झाली आणि पुढे १९५५ मध्ये लग्न झालं. या क्लबचं त्याच्यावर एवढं प्रेम की नंतर त्याने हेल्मेटवर क्लबचेच रंग चढवले. गडद निळं हेल्मेट आणि त्यावर वल्ह्याच्या पात्यासारखे पांढरे पट्टे. हे हेल्मेट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

त्याच्याकडे एक जुनीपुराणी ऑस्टिन होती, जिचे ब्रेक धड लागत नसत. रेसिंग ड्रायव्हरला लागणारे सगळे गुण त्या गाडीनेच शिकवले, असं तो गमतीने सांगायचा.

मग एक दिवस त्याला जाहिरात दिसली. केंटमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर रेसिंगची गाडी चालवा, एका फेरीला पाच शिलिंग.

गडी एक पाउंड घेऊन गेला आणि चार फेऱ्या मारून आला.

त्या चार फेऱ्यांनी त्याच्या डोक्यात काय झालं कुणास ठाऊक, पण नोकरी सोडून तो रेसिंगच्या मागे लागला. एका रेसिंग स्कूलमध्ये मेकॅनिकचं काम धरलं, तेही पगाराऐवजी शर्यतीत गाडी चालवायला मिळेल या बोलीवर. मजा म्हणजे गाडी दुरुस्त कशी करायची हे तो काम करता करताच शिकत होता.

१९५४ मध्ये ब्रँड्स हॅचहून लंडनला परतताना त्याने एका गाडीत लिफ्ट मिळवली. त्या गाडीत होता कॉलिन चॅपमन, म्हणजे ‘लोटस’ कंपनीचा संस्थापक. असं सांगितलं जातं की चॅपमनला वाटलं हा आपल्या सोबत्याचा मित्र, आणि सोबत्याला वाटलं हा चॅपमनचा मित्र! लंडन येईपर्यंत गप्पा झाल्या होत्या आणि हिलला लोटसमध्ये दिवसाला एक पाउंड मजुरीवर काम मिळालं.

तिथे त्याने गिअरबॉक्स खोलले, गाड्या जुळवल्या आणि चॅपमनच्या मागे भुणभुण लावली की मला गाडी चालवायला द्या. शेवटी चॅपमनने दिली. १९५८ च्या मोनॅको ग्रांप्रीमध्ये हिल पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये उतरला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता.

देणगी कमी, वही मोठी

त्या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये रेसिंगचे एकाहून एक हिरे होते. स्टर्लिंग मॉस, जिम क्लार्क आणि थोडा नंतर आलेला जॅकी स्टुअर्ट. यातल्या क्लार्कबद्दल तर लोक म्हणायचे की त्याला गाडी कशी चालवतो हे समजावून सांगता येत नाही, कारण त्याला ते आपसूक येतं.

हिलचं तसं नव्हतं. तो मेहनतीचा ड्रायव्हर. प्रत्येक ट्रॅकवर गाडीचं सस्पेन्शन किती कडक होतं, टायरमध्ये हवा किती होती, कुठला गियर कुठे लागला, हे सगळं तो वहीत लिहून ठेवायचा. पुढच्या वर्षी तिथे गेला की वही उघडायची आणि मेकॅनिकांच्या मागे लागायचं. हे थोडं सैल करा, ते थोडं घट्ट करा. मेकॅनिक वैतागायचे. पण मेकॅनिकच्या कामातूनच वर आल्यामुळे त्याला नेमकं काय हवंय ते सांगता यायचं.

त्याच्या अष्टपैलूपणाचं मूळ इथे आहे. ज्याला गाडी आपसूक चालवता येते त्याला नवीन प्रकारची गाडी मिळाली की आपला हात तिच्यावर बसेपर्यंत वाट बघावी लागते. हिल प्रत्येक गाडीकडे नवीन यंत्र म्हणूनच बघायचा. हे यंत्र कसं चालतं, त्याला काय आवडतं, काय झेपत नाही, हे शोधायचं आणि लिहून ठेवायचं.

म्हणून तो काय काय चालवत होता ते बघा. फॉर्म्युला वन होतंच. सोबत फॉर्म्युला टू, साध्या मोटारींच्या शर्यती आणि स्पोर्ट्स कार. गुडवूडची मानाची टुरिस्ट ट्रॉफी त्याने १९६३ आणि १९६४ अशी लागोपाठ दोनदा फेरारी चालवून जिंकली. युरोपात हिवाळा लागला की तो न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात जाऊन शर्यती जिंकायचा.

१९६३ मध्ये तर त्याने ल मान्सला चक्क टर्बाइनवर चालणारी गाडी पळवली. रोव्हर आणि बीआरएम या दोन कंपन्यांनी मिळून ती बनवली होती आणि आत विमानासारखं गॅस टर्बाइन इंजिन होतं. अशा गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर ताकद जरा उशिरा येते आणि पाय काढल्यावर इंजिन गाडीला मागे खेचत नाही. म्हणजे वळणावर कधी पाय काढायचा आणि कधी दाबायचा याच्या सगळ्या सवयी मोडायच्या. हिल आणि रिची गिन्थर यांनी २४ तास ती गाडी चालवून शर्यत पूर्ण केली. १९६५ मध्ये हिल जॅकी स्टुअर्टला सोबत घेऊन तीच कल्पना पुन्हा ल मान्सला घेऊन गेला आणि दहावा आला.

‘दोन शर्यती जिंका, नाहीतर टाळं’

१९६० मध्ये हिल लोटस सोडून बीआरएम या ब्रिटिश संघाकडे गेला. या संघाचं तेव्हा हसं झालेलं. एवढी वर्षं आणि एवढा पैसा ओतून हाती जवळजवळ काहीच नाही. मालक सर आल्फ्रेड ओवेन यांनी १९६२ साठी सरळ बजावलं की या हंगामात निदान दोन ग्रांप्री जिंका, नाहीतर संघ बंद करतो.

हिलने हंगामाची पहिलीच शर्यत जिंकली. नेदरलँड्सची, आणि त्याच्या आयुष्यातली पहिली ग्रांप्री. मग भर पावसात जर्मनी. मग इटली. शेवटच्या शर्यतीसाठी सगळे दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडनला पोहोचले तेव्हा विजेतेपद हिल किंवा क्लार्क यांच्यापैकी एकाचं होतं. २९ डिसेंबर १९६२ ला क्लार्क आरामात पुढे होता, आणि त्याच्या गाडीतून तेल गळायला लागलं. हिल जिंकला आणि ३३ व्या वर्षी विश्वविजेता झाला.

दोन वर्षांनी नशिबाने हिशेब चुकता केला. १९६४ मध्ये हिलचे एकूण गुण होते ४१, तर जॉन सर्टीजचे ४०. तरीही विश्वविजेता झाला सर्टीज!

कसं? तेव्हा नियम असा होता की वर्षातले सगळ्यात चांगले सहाच निकाल मोजायचे. हिलला सातव्या निकालाचे २ गुण सोडावे लागले आणि तो ३९ वर आला. एका गुणाने विजेतेपद गेलं. त्यात मेक्सिकोच्या शेवटच्या शर्यतीत सर्टीजचाच जोडीदार लोरेन्झो बांदिनी हिलच्या गाडीवर आदळला होता.

हिलने तक्रार केली नाही. ख्रिसमसला त्याने बांदिनीला ‘गाडी नीट कशी चालवावी’ याचे धडे असलेली ग्रामोफोन रेकॉर्ड भेट पाठवली, असा किस्सा आजही सांगितला जातो.

मोनॅकोचा राजा

मोनॅको हिलने पाच वेळा जिंकलं. १९६३, १९६४, १९६५, १९६८ आणि १९६९. लोक त्याला ‘मिस्टर मोनॅको’ म्हणायला लागले. हा विक्रम १९९३ मध्ये आयर्टन सेनाने सहाव्यांदा जिंकून मोडला, म्हणजे तब्बल २४ वर्षांनी.

यातली १९६५ ची शर्यत सगळ्यात भारी. हिल पुढे होता आणि अचानक समोर एक मंद झालेली गाडी आली. धडक टाळायला तो बाजूच्या मोकळ्या रस्त्यात घुसला. आता तिथून बाहेर कसं यायचं? गडी गाडीतून उतरला, स्वतःच्या हाताने गाडी ढकलत मागे आणली, पुन्हा बसला आणि निघाला. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला होता. मग पुढच्या एकेकाला गाठत त्याने ती शर्यत जिंकली. वर त्या दिवशीची सगळ्यात वेगवान फेरीसुद्धा त्याचीच.

इंडियानापोलिस, तेही दुसऱ्याच्या जागेवर

३० मे १९६६. मोनॅकोमध्ये तिसरा येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते आणि हिल अमेरिकेत इंडियानापोलिसला उभा होता. ही शर्यत तो पहिल्यांदाच पळणार होता. गाडीही मुळात त्याची नव्हती. ती वॉल्ट हॅन्सगेन चालवणार होता, पण एप्रिलमध्ये ल मान्सच्या सरावात अपघात होऊन हॅन्सगेन गेला. त्याची जागा हिलला मिळाली.

शर्यत सुरू होते न होते तोच पहिल्याच फेरीत गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि ११ गाड्या तिथेच बाद झाल्या. उरलेल्यांपैकीही एकेक गळत गेला. शेवटी हिलच्याच संघातला जॅकी स्टुअर्ट फेरीभराची आघाडी घेऊन पुढे होता, आणि मोजक्या फेऱ्या उरल्या असताना त्याचं इंजिन बंद पडलं.

हिल जिंकला. पूर्ण २०० फेऱ्यांपैकी तो फक्त शेवटच्या १० फेऱ्यांत पुढे होता. क्लार्कच्या लोकांना तर वाटत होतं की मोजणीत चूक झालीय आणि आपणच जिंकलोय. पण निकाल कायम राहिला. पहिल्याच प्रयत्नात इंडी जिंकणारा असा ड्रायव्हर १९२७ नंतर पहिल्यांदाच दिसला होता.

नशीब? थोडं होतंच. पण ३३ पैकी बहुतेक गाड्या ज्या शर्यतीत संपल्या त्यात आपली गाडी धड ठेवणं हे नुसतं नशिबाने होत नाही.

मरणाच्या शेजारी बसून गाडी चालवायची

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या काळच्या गाड्यांमध्ये पेट्रोलच्या टाक्या ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना असायच्या, बरेच ड्रायव्हर सीटबेल्ट लावत नसत आणि ट्रॅकच्या कडेला झाडं, घरं, विजेचे खांब तसेच असायचे.

इंडी जिंकून दोन आठवडेही झाले नव्हते. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर पाऊस कोसळला आणि पहिल्याच फेरीत गाड्या घसरल्या. जॅकी स्टुअर्ट ट्रॅकबाहेर फेकला गेला आणि वाकलेल्या गाडीत अडकला. टाकी फुटून पेट्रोल त्याच्या अंगावर सांडत होतं. एक ठिणगी पडली असती तर खेळ खलास. हिलची गाडीही तिथेच घसरली होती. शर्यत सोडून तो धावला. बॉब बॉन्ड्युरंटही होता. स्टिअरिंग काढल्याशिवाय स्टुअर्टला बाहेर काढता येईना आणि जवळ हत्यार नव्हतं. शेवटी एका प्रेक्षकाच्या गाडीतून पाना मागून आणला. तिथे ना डॉक्टर, ना मदतीला कुणी माणूस.

स्टुअर्टने पुढे रेसिंगमधल्या सुरक्षेसाठी जो मोठा लढा दिला त्याची सुरुवात या अपघातातून झाली.

मग आलं १९६८. हिल आता परत लोटसमध्ये होता, जिम क्लार्कचा जोडीदार म्हणून. ७ एप्रिलला जर्मनीतल्या हॉकेनहाइमला फॉर्म्युला टूच्या शर्यतीत क्लार्कची गाडी झाडांवर आदळली. ज्याच्या हातून चूक होतच नाही असं सगळे मानत, तो क्लार्क गेला. त्याच शर्यतीत हिलही धावत होता. महिनाभरात लोटसचाच माइक स्पेन्स इंडियानापोलिसच्या सरावात गेला.

संघ कोलमडला होता. चॅपमन पार खचला होता. आणि अशा वेळी ३९ वर्षांचा हिल स्पेन्सच्या मृत्यूनंतर पाच दिवसांनी स्पेनची ग्रांप्री जिंकला. लगेच पुढची मोनॅकोही. वर्षाच्या शेवटी मेक्सिको जिंकून तो दुसऱ्यांदा विश्वविजेता झाला. त्याच्या १४ ग्रांप्री विजयांत याहून वेगवान शर्यती असतील, पण त्या वर्षी त्याने एक संघ उभा ठेवला.

पाय मोडले, पण थांबला नाही

ऑक्टोबर १९६९, अमेरिकेतलं वॉटकिन्स ग्लेन. गाडी घसरून बंद पडली. हिलने ती ढकलून चालू केली आणि आत बसला, पण एकट्याला बेल्ट पुन्हा लावता येईना. तसाच निघाला. पुढे टायर गेला, गाडी उलटली आणि तो बाहेर फेकला गेला. दोन्ही पाय मोडले. पत्नीला काय निरोप द्यायचा असं विचारल्यावर, दोन आठवडे नाचायला जमणार नाही म्हणून सांगा, असं तो म्हणाला.

वय ४०. सगळ्यांनी धरून चाललं की आता संपलं.

पाच महिन्यांनी, मार्च १९७० मध्ये, तो दक्षिण आफ्रिकेच्या ग्रांप्रीत हजर! धड चालताही येत नव्हतं. तरी सहावा आला आणि एक गुण कमावला.

आणि जून १९७२ मध्ये उरलेला तिसरा मुकुट. मात्रा या फ्रेंच कंपनीच्या गाडीत आँरी पेस्कारोलोच्या जोडीने तो ल मान्सला उतरला. ४३ वर्षांचा, पाय मोडून झालेला हा इंग्रज रात्रीच्या पावसात काय चालवणार, अशी कुजबुज होती. हिलने रात्रीच्या पावसातच सगळ्यांची तोंडं बंद केली. साडेचार हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून दोघं जिंकले. १९५० नंतर पहिल्यांदा फ्रेंच गाडी ल मान्स जिंकली होती.

पण त्याच रविवारी सकाळी हिलचा जुना मित्र जो बॉनियर याची गाडी उडून झाडांत पडली आणि तो गेला. बीआरएममध्ये दोघं जोडीदार होते, १९६४ मध्ये रीम्सची १२ तासांची शर्यत दोघांनी मिळून जिंकली होती. ट्रिपल क्राऊन पुरा झाला तो असा दिवस होता.

ज्या जिद्दीने उभा राहिला, तिच्यामुळेच...

हिलला थांबता येत नव्हतं. १९७३ मध्ये त्याने स्वतःचा संघ काढला. १९७५ मध्ये स्पेनला त्याच्या संघाच्या गाडीचा मागचा पंखा तुटला आणि गाडी लोकांत जाऊन माणसं मेली. त्यानंतरच्या मोनॅकोत, जिथे तो पाचदा जिंकला होता तिथे, त्याला शर्यतीत जागासुद्धा मिळवता आली नाही. मग मात्र १७६ ग्रांप्रींनंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. आता टोनी ब्राइझ या २३ वर्षांच्या गुणी पोराला पुढे आणायचं, असं त्याने ठरवलं होतं.

२९ नोव्हेंबर १९७५. फ्रान्समधल्या पॉल रिकार ट्रॅकवर नव्या गाडीची चाचणी करून सगळे परत येत होते. विमान हिलचं आणि वैमानिकही तोच. लंडनच्या उत्तरेला एलस्ट्रीला उतरायचं होतं. रात्र झालेली, दाट धुकं. विमान धावपट्टीच्या काही किलोमीटर अलीकडे आर्कलीच्या गोल्फ मैदानावर झाडांना धडकलं आणि पेटलं.

हिल, ब्राइझ, डिझायनर अँडी स्मॉलमन, मॅनेजर रे ब्रिंबल आणि टोनी अल्कॉक, टेरी रिचर्ड्स हे दोन मेकॅनिक. सहाच्या सहा जण गेले.

चौकशीत अपघाताचं नक्की कारण हाती लागलं नाही. पण विमानाची अमेरिकेतली नोंदणी रद्द झालेली होती, ती पुन्हा केलेली नव्हती आणि हिलच्या वैमानिकाच्या कागदपत्रांतही त्रुटी निघाल्या. म्हणून विम्याचे पैसे मिळाले नाहीत. बाकीच्या पाच जणांच्या घरच्यांनी नुकसानभरपाई मागितली आणि ती हिलच्या मालमत्तेतून द्यावी लागली. बेटला घर विकावं लागलं.

हिलची गोष्ट सांगताना हा भाग बऱ्याचदा गाळला जातो, किंवा दोन ओळींत उरकला जातो. पण तो सांगायलाच हवा. बेल्ट न लावता गाडीत परत बसणारा, मोडक्या पायांनी शर्यत पळणारा, ‘मी नेतो बरोबर’ म्हणणारा माणूस मैदानात हिरो ठरतो. त्या रात्री मागे पाच माणसं बसली होती. आणि टायरच्या हवेची नोंद वहीत ठेवणाऱ्या माणसाने विमानाची कागदपत्रं मात्र तशीच राहू दिली होती.

ते निळं हेल्मेट

हिलचा मुलगा डेमन तेव्हा १५ वर्षांचा होता. वडिलांची बातमी घरी टीव्हीवरून कळली. घरचा पैसा गेला होता. तो मोटरसायकलवर कुरिअर पोहोचवायचा, बांधकामावर मजुरी करायचा आणि त्यातून मोटरसायकलच्या शर्यती पळायचा. गाड्यांच्या रेसिंगमध्ये तोही उशिराच आला.

आला तेव्हा डोक्यावर तेच हेल्मेट होतं. गडद निळं, वल्ह्यांचे पांढरे पट्टे असलेलं.

१९९६ मध्ये जपानच्या सुझुकाला डेमन हिल विश्वविजेता झाला. बाप आणि मुलगा दोघंही फॉर्म्युला वनचे विश्वविजेते, असं पहिल्यांदाच घडलं. २०१६ मध्ये रोझबर्ग बाप-लेकांनी ते पुन्हा केलं.

मग ट्रिपल क्राऊन पुन्हा कुणाला का जमला नाही?

जवळ बरेच जण आले. हुआन पाब्लो मोंतोयाने मोनॅको जिंकलं, इंडी दोनदा जिंकली, ल मान्स राहिलं. जाक व्हिलनव्हने इंडी जिंकली, फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला आणि २००८ मध्ये ल मान्सला दुसरा आला. फर्नांडो अलोन्सोने मोनॅको आणि ल मान्स दोन्ही दोनदोनदा जिंकलं. इंडीसाठी तर त्याने २०१७ मध्ये मोनॅकोवर पाणी सोडलं. पण शर्यतीत त्याचं इंजिन गेलं. २०१९ मध्ये तो शर्यतीत जागाच मिळवू शकला नाही.

ड्रायव्हर कमी पडले असं नाही, खेळच बदलला. हिलच्या काळात ड्रायव्हर एका रविवारी फॉर्म्युला वन, दुसऱ्या रविवारी स्पोर्ट्स कार आणि मधे मिळेल ते चालवायचे. त्यावरच पोट होतं. आज फॉर्म्युला वनच्या वर्षाला वीसहून जास्त शर्यती असतात, करार कडक असतात आणि मोनॅको-इंडी २०२५ पर्यंत बरीच वर्षं एकाच रविवारी होत होत्या. शिवाय प्रत्येक प्रकारची गाडी एवढी वेगळी झालीय की एकीत मुरायलाच वर्षं जातात.

उद्या कुणीतरी हा विक्रम गाठेलही, आणि तो बहुतेक सहाव्या वर्षापासून गाडी चालवणारा असेल. पण एक पाउंड खिशात घालून चार फेऱ्या मारायला जाणं आणि तिथून तिन्ही मुकुटांपर्यंत पोहोचणं, हे आता कुणालाच जमण्यासारखं राहिलेलं नाही. तसा रस्ताच उरलेला नाही.